नेमन यांचे दोन विद्यार्थी : संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्च एका पदवीत कसे आले?

एम.एस्सी. संख्याशास्त्राचा कुठलाही अभ्यासक्रम काढून बघा. पहिल्या वर्षी प्रोबॅबिलिटी, इन्फरन्स, लिनियर मॉडेल्स, सॅम्पलिंग. आणि मग मध्येच कुठेतरी ऑपरेशन्स रिसर्च : सिम्प्लेक्स, ड्युअ‍ॅलिटी, ट्रान्स्पोर्टेशन, क्यूइंग, इन्व्हेंटरी. काही विद्यापीठांत तर पदवीच्या नावातच दोन्ही विषय जोडलेले असतात. सीएसआयआर-नेटच्या गणितीय विज्ञानाच्या अभ्यासक्रमातही चौथ्या युनिटमध्ये इन्फरन्सच्या शेजारी लिनियर प्रोग्रॅमिंग आणि क्यूइंग बसलेलं दिसतं.

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. "हे दोन वेगळे विषय आहेत ना? मग पीएच.डी.ला एक निवडला की दुसरा सोडला, असंच ना?" सरळ उत्तर द्यायचं तर विभाग आणि नियतकालिकं आता वेगळी झाली आहेत, त्यामुळे कामापुरतं एक निवडावंच लागतं. पण हे दोन विषय शेजारी का बसले, हे माहीत नसेल तर तुम्ही दोन्हींतल्या चांगल्या प्रश्नांना मुकाल. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. मुलाखतीत सांगायला सनावळी पाठ करावी, यासाठी हा लेख नाही. प्रश्न कुठून येतात ते दिसावं, यासाठी आहे.

आणेवारीपासून सुरुवात

तुमच्या घरात कुणी शेती करत असेल तर 'आणेवारी' हा शब्द नवा नाही. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. गावातल्या महसुली माणसाने शिवारावर नजर टाकायची आणि यंदाचं पीक किती आणे आलंय ते सांगायचं. आता आपण पैसेवारी म्हणतो आणि ५० पैशांच्या खाली आली की बातमी होते. इंग्रजांच्या काळात साऱ्या देशातल्या धान्याच्या उत्पादनाचा आकडा अशाच नजरअंदाजांवर उभा असायचा. सारामाफी त्यावर, धान्याची आयात-निर्यात त्यावर, आणि दुष्काळाची चाहूलही त्यावरच.

या नजरअंदाजाला पहिला ठोस पर्याय दिला तो जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने. १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओडिशात त्यांनी भाताची शेतं यादृच्छिक पद्धतीने निवडली. शेतात एक छोटी त्रिकोणी चौकट टाकायची, आतलं पीक कापायचं, वजन करायचं, असा तो प्रयोग होता. त्यांचा अहवाल १९२७ मध्ये आला. रँडम सॅम्पलिंगच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं.

पुढचं नाव तुम्हाला माहीत आहे : प्रशांतचंद्र महालनोबिस. मूळचे भौतिकशास्त्राचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवता तिथेच त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. १९३३ मध्ये 'संख्या' हे नियतकालिक निघालं. १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाचे सर्व्हे सुरू झाले. आधी छोटा पायलट सर्व्हे करायचा, खर्च आणि व्हेरियन्स दोन्ही मोजायचे, मग मोठा सर्व्हे आखायचा, ही पद्धत तिथे घडली. 'खर्च' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आणि मग १९४१. कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला, देशातला पहिला. महालनोबिस मानद प्रमुख. सी. आर. राव हे तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. करून ते नोकरीच्या शोधात कलकत्त्याला आले होते. नोकरी मिळाली नाही, पण या संस्थेची माहिती मिळाली. १९४३ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रात एम.ए. केलं आणि १९४५ मध्ये तो पेपर लिहिला ज्यातून आपण क्रेमर–राव असमानता आणि राव–ब्लॅकवेल प्रमेय शिकतो. त्या वेळी ते पंचविशीचेही नव्हते आणि पीएच.डी. अजून व्हायची होती.

म्हणजे आपण ज्या पदवीला 'थिअरीची पदवी' समजतो, ती या देशात शेताच्या बांधावरून सुरू झाली. सर्व्हे आधी आले, विभाग नंतर आला.

लंडनमधले वर्ग : पहिला विद्यार्थी

आता लेखाच्या नावातल्या नेमन यांच्याकडे येऊ. जेर्झी नेमन हे पोलिश गणिती. १९३४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवायला आले. त्याच वर्षी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी सॅम्पलिंगवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. 'नेमन अ‍ॅलोकेशन' म्हणून आपण जे सूत्र पाठ करतो ते त्यातलं.

त्या वेळी त्यांच्या हाताखाली एक मराठी मुलगा शिकत होता : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन लंडनला गेलेले. १९३६ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

सूत्र नुसतं पाठ असेल तर त्यातलं मर्म निसटतं. म्हणून एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा तालुक्यात ५००० शेतं आहेत : ४००० जिरायत, १००० बागायत. जिरायतात सगळीकडेच उत्पन्न कमी, म्हणून शेताशेतातला फरकही कमी : स्टँडर्ड डेव्हिएशन २ क्विंटल. बागायतात कुणाचं पाणी पुरतं, कुणाचं नाही, म्हणून फरक जास्त : ८ क्विंटल. तुमच्याकडे १०० शेतांपुरतेच पैसे आहेत. कुठली किती निवडाल?

साधा विचार सांगतो : प्रमाणात घ्या. ८० जिरायत, २० बागायत. नेमन म्हणतात : शेतांची संख्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशन यांचा गुणाकार करा. ४००० गुणिले २ म्हणजे ८०००. १००० गुणिले ८ म्हणजेही ८०००. म्हणून ५०–५०. आता सरासरीच्या अंदाजाचा व्हेरियन्स स्वतः काढून बघा (फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन सोडून द्या). पहिल्या पद्धतीत ०.१६ येतो, दुसऱ्यात ०.१०२४. तीच अचूकता प्रमाणशीर पद्धतीने हवी असेल तर १०० ऐवजी १५७ शेतं कापावी लागतील. ५७ शेतांची मजुरी आणि ५७ फेऱ्या एका गुणाकाराने वाचल्या.

आता सांगा, हा प्रश्न संख्याशास्त्राचा की ऑपरेशन्स रिसर्चचा? व्हेरियन्स कमीत कमी करा, खर्च एवढाच आहे. ऑब्जेक्टिव्ह फंक्शन आणि कन्स्ट्रेंट. युद्धातल्या शास्त्रज्ञांनी 'ऑपरेशनल रिसर्च' हा शब्द रुळवण्याआधी सॅम्पलिंगवाले तेच करत होते.

पण या सूत्रात एक अडचण आहे, आणि चांगल्या विद्यार्थ्याला ती लगेच दिसते. स्टँडर्ड डेव्हिएशन आधी माहीत असेल तर सर्व्हे करायची गरजच काय? सुखात्मे यांनी १९३५ च्या पेपरमध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. आधी एक लहान नमुना घेऊन डेव्हिएशनचा अंदाज काढला आणि त्यावर वाटप केलं, तर फायदा टिकतो का? बहुतेक वेळा टिकतो, असं त्यांनी दाखवलं. बघा, गुरूच्या पेपरात एक गृहीतक होतं. शिष्याने ते गृहीतक प्रत्यक्षात मिळणार नाही हे ओळखलं आणि त्याच्याशिवाय काय होतं ते तपासलं. पीएच.डी.चा पहिला पेपर कसा सुचतो याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

प्लॉट किती मोठा असावा?

सुखात्मे परत आले आणि १९४० मध्ये दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात रुजू झाले. इथून एक वाद सुरू झाला. सॅम्पलिंगच्या पुस्तकांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. माझ्या मते तो पूर्ण समजून घ्यायला हवा.

प्रश्न असा : शेत निवडलं, आता शेतात किती मोठा तुकडा कापायचा? महालनोबिस यांचं म्हणणं, लहान तुकडे घ्या. लहान तुकडा स्वस्त, म्हणून जास्त शेतांत जाता येतं, म्हणून व्हेरियन्स कमी. सुखात्मे यांचं म्हणणं, मोठे आयताकृती प्लॉट घ्या. कारण लहान प्लॉटमधून येणारं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं.

जास्त का येतं? कापणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करा. दोरी ताणली आहे. दोरीखाली एक ताट आलंय, अर्धं आत, अर्धं बाहेर. कापायचं की सोडायचं? माणूस सहसा कापतो. यात लबाडी नसते, हात आपोआप तसा जातो. म्हणजे सगळ्या कडेने थोडं थोडं जास्तीचं पीक आत येतं.

आता हिशेब करू. समजा कडेने सरासरी ३ इंच जास्तीचं कापलं जातं. २ फूट त्रिज्येचं वर्तुळ असेल तर प्रत्यक्षात कापलं २.२५ फूट त्रिज्येचं. क्षेत्रफळ जवळजवळ २७ टक्के वाढलं. ४ फूट त्रिज्या असेल तर सुमारे १३ टक्के. आणि ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा आयत असेल तर साडेचार टक्क्यांच्या आसपास. चूक तीच, हात तोच, फक्त प्लॉट मोठा. कारण चूक कडेवर होते आणि पीक क्षेत्रफळावर असतं. प्लॉट वाढवला की क्षेत्रफळ भराभर वाढतं, कड त्या मानाने हळू.

मोठी गोष्ट पुढे आहे. लहान तुकडे कितीही वाढवले, हजाराचे दहा हजार केले, तरी ही चूक कमी होत नाही. व्हेरियन्स शून्याकडे जातो, बायस जिथल्या तिथे. तुमचा कॉन्फिडन्स इंटरव्हल अगदी अरुंद होतो आणि चुकीच्या जागी अरुंद होतो.

महालनोबिस यांना हे कळत नव्हतं असं अजिबात समजू नका. फार लहान तुकडे जास्त उत्पन्न दाखवतात हे त्यांच्याही प्रयोगांत दिसलं होतं. त्यांचा भर स्वतः तयार केलेल्या प्रशिक्षित माणसांवर होता. शिवाय एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवून त्यांचे आकडे ताडून बघायचे, ही 'इंटरपेनिट्रेटिंग सबसॅम्पल'ची युक्ती त्यांचीच. सुखात्मे यांना मात्र महसूल आणि शेती खात्यातल्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच काम करून घ्यायचं होतं. प्रशिक्षित माणूस असेल तर लहान प्लॉट चालेल, तलाठी असेल तर मोठा लागेल. म्हणजे 'योग्य प्लॉट कुठला' याचं उत्तर सूत्रात नव्हतंच. दोरी कोण धरणार यावर ते ठरत होतं. पुढे देशभर रुळली ती मोठ्या प्लॉटची पद्धत.

हे जुनं प्रकरण आहे असं वाटत असेल तर पीक विम्याकडे बघा. पीक कापणी प्रयोगातून मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात. ते उंबरठा उत्पन्नापेक्षा किती कमी आलं त्यावर भरपाई ठरते. कडेवरची ताटं आत आली तर उत्पन्न फुगतं, आणि उत्पन्न फुगलं की शेतकऱ्याची भरपाई तेवढी घटते. आपण ज्याला 'नॉन-सॅम्पलिंग एरर' म्हणून परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहितो, ती कुणाच्या तरी खात्यावर न आलेली रक्कम असते.

तीच कड, समुद्रावर

आता त्याच वर्षांत, पण दुसऱ्या टोकाला जाऊ. दुसरं महायुद्ध. पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे १९४८ मध्ये नोबेल मिळालेले. १९४० मध्ये त्यांनी ब्रिटनच्या विमानविरोधी तोफखान्यासाठी वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांचा गट जमवला. त्या गटाला 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. १९४१ मध्ये ते कोस्टल कमांडकडे गेले, जिथे विमानांनी जर्मन पाणबुड्या शोधून बुडवायच्या होत्या. 'ऑपरेशनल रिसर्च' हा शब्द युद्धाआधीच्या रडारच्या प्रयोगांतून आलेला, तो इथे रुळला.

एक उदाहरण बहुतेक पुस्तकांत असतं. विमानातून टाकलेला डेप्थ चार्ज सुमारे १०० फूट खोलीवर फुटेल असा लावलेला असायचा. ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते. तिला १०० फूट खाली जायला पुरेसा वेळ मिळाला असेल तर ती नेमकी कुठे आहे हेच वैमानिकाला माहीत नसतं, नेम लागायचा कसा? आणि ती अजून वरच दिसत असेल तर १०० फुटांवरचा स्फोट तिच्या खूप खाली होतो. म्हणून खोली कमी करत २५ फुटांवर आणली. शस्त्र तेच, विमान तेच, फक्त एक आकडा बदलला आणि परिणाम खूप सुधारला.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. मालवाहू जहाजं ताफ्याने अटलांटिक ओलांडायची, सोबत संरक्षक जहाजं. ताफा लहान ठेवलेला बरा, असं नौदल मानत होतं. ब्लॅकेट यांच्या गटाने नोंदी बघितल्या तर मोठ्या ताफ्यांत बुडालेल्या जहाजांचं शेकडा प्रमाण लहान ताफ्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. का? कारण पाणबुडी हल्ला करते कडेवरून. संरक्षण कडेला लागतं, जहाजं मात्र क्षेत्रफळात मावतात. जहाजं दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट होतं, कड साधारण १.४ पट. आणि पाणबुडी आत शिरलीच तरी ताफा लहान असो की मोठा, ती बुडवते ती साधारण तेवढीच जहाजं. म्हणून संरक्षक तेवढेच असतील तर मोठा ताफा जास्त सुरक्षित.

ओळखीचं वाटतंय ना? सुखात्मे यांच्या प्लॉटचं गणितही हेच होतं. कड आणि क्षेत्रफळ. एकाला ते गव्हाच्या शेतात दिसलं, दुसऱ्याला समुद्रावर, दोनचार वर्षांच्या अंतराने. दोघांनीही आधी सूत्र शोधलं नाही. चूक किंवा धोका नेमका कुठे घडतो, हे त्यांनी आधी पाहिलं.

बर्कलीतला वर्ग : दुसरा विद्यार्थी

नेमन १९३८ मध्ये लंडन सोडून अमेरिकेत बर्कलीला गेले. तिथे त्यांना दुसरा विद्यार्थी मिळाला : जॉर्ज डँटझिग. वर्गात उशिरा आला, फळ्यावरची दोन गणितं गृहपाठ समजून सोडवून आणली आणि ती न सुटलेली प्रमेयं निघाली, ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असेल. गोष्ट खरी आहे, १९३९ ची. पण त्यामागचा जास्त कामाचा भाग कुणी पुढे पाठवत नाही. तो आधी बघू.

नेमन–पिअर्सन लेमा तुम्हाला येतो. लाइकलीहूड रेशो मोठा असेल तिथे हायपॉथेसिस नाकारा. तो असा वाचून बघा. समजा प्रयोगाचे काही निकाल शक्य आहेत. प्रत्येक निकालाची H₀ खालची शक्यता म्हणजे त्याची किंमत, आणि H₁ खालची शक्यता म्हणजे त्यातून होणारा लाभ. तुमच्या खिशात अल्फा एवढे पैसे आहेत, समजा ०.०५. निकाल 'अ' : किंमत ०.०२, लाभ ०.२०. निकाल 'ब' : किंमत ०.०३, लाभ ०.१५. निकाल 'क' : किंमत ०.०५, लाभ ०.२०. काय विकत घ्याल? 'क' घेतला तर पैसे संपले, पॉवर ०.२०. 'अ' आणि 'ब' घेतले तर तेवढ्याच पैशांत पॉवर ०.३५. म्हणजे रुपयामागे लाभ कुठे जास्त ते बघून खरेदी करायची. हा 'रुपयामागे लाभ' म्हणजेच लाइकलीहूड रेशो.

आणि खिशात ०.०४ च असतील तर? 'अ' पूर्ण घ्या आणि 'ब' दोन-तृतीयांश. निकालाचा दोन-तृतीयांश म्हणजे काय? 'ब' आला तर दोन-तृतीयांश शक्यतेने नाकारा. ज्याला आपण रँडमाइज्ड टेस्ट म्हणतो ती हीच. ऑपरेशन्स रिसर्चच्या वहीत हाच प्रश्न 'फ्रॅक्शनल नॅपसॅक' या नावाने असतो. बहुतेक मुलं दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या सेमिस्टरला शिकतात आणि दोन्ही वेगळ्या पाठ करतात.

डँटझिग यांच्या प्रबंधात या लेमाचं विस्तारलेलं रूप होतं : अट एकच नसून अनेक असतील तर काय? तेव्हा नुसता रेशो लावून क्रम लावता येत नाही. युद्धात ते हवाई दलाच्या आकडेवारीच्या कामात होते, म्हणून पदवी १९४६ मध्ये मिळाली. मग पेंटागॉनमध्ये काम आलं : प्रशिक्षण, पुरवठा, तैनाती यांचे आराखडे यंत्राने करता येतील का? लष्करी भाषेत या आराखड्यांना 'प्रोग्रॅम' म्हणत, लिनियर प्रोग्रॅमिंगमधला 'प्रोग्रॅम' तिथला. १९४७ मध्ये त्यांनी सिम्प्लेक्स पद्धत मांडली. एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात राहायचं ही कल्पना नीट चालेल, हा विश्वास प्रबंधातल्या भूमितीतून आला, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे.

त्या वेळी संगणक नव्हते म्हणजे काय हे कळण्यासाठी एकच आकडा सांगतो. अर्थशास्त्रज्ञ स्टिग्लर यांनी एक आहाराचा प्रश्न मांडला होता : सगळी पोषकं मिळतील असा वर्षभराचा सर्वांत स्वस्त आहार कुठला? त्यांनी अंदाजाने उत्तर काढलं होतं ३९.९३ डॉलर, १९३९ च्या भावाने. १९४७ मध्ये नऊ अटी आणि ७७ पदार्थ घेऊन तो सिम्प्लेक्सने सोडवला. हातयंत्रांवर १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. आज तुमच्या लॅपटॉपला हे करायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

तर असं. एकाच गुरूचा एक शिष्य सॅम्पलिंगमध्ये गेला, दुसरा ऑप्टिमायझेशनचा जनक ठरला.

पुन्हा आपल्याकडे

स्वातंत्र्यानंतर ब्लॅकेट यांना पंडित नेहरूंनी संरक्षण संशोधनासाठी सल्लागार म्हणून बोलावलं. १९४८ मध्ये संरक्षण विज्ञानाची संघटना उभी राहिली, डी. एस. कोठारी सल्लागार झाले. महालनोबिस यांनी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ऑपरेशनल रिसर्च आहे. १९५७ मध्ये ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडे या विषयाचा हात धरणारे लोक बऱ्याच अंशी संख्याशास्त्राचेच होते. विद्यापीठांत तो शिकवायचा कुणी, तर ज्याला शक्यता आणि आकडे दोन्ही येतात त्याने. असा तो आपल्या पदवीत आला.

पुण्यात १९५३ मध्ये संख्याशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण उभं केलं ते वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. क्रेमर–हुजूरबाजार प्रमेयातले हुजूरबाजार ते हेच : लाइकलीहूड समीकरणाचं कन्सिस्टंट उत्तर नमुना मोठा होत गेला की एकच उरतं, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवलं. सिम्प्लेक्सला तोडीस तोड पर्याय १९८४ मध्ये दिला तो नरेंद्र करमरकर यांनी. आयआयटी मुंबईचे पदवीधर, तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्समध्ये. कोपऱ्यांवरून फिरण्याऐवजी आतून जायचं, ही त्यांची वाट.

आणि सुखात्मे? १९५१ पासून वीस वर्षं ते अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात परतले आणि आणखी एक वाद ओढवून घेतला. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास करताना दिवसाला २२५० कॅलरी ही रेषा धरली होती. सुखात्मे म्हणाले, ही सरासरी गरज आहे. माणसाची गरज रोज वरखाली होते आणि शरीर ते सांभाळून घेतं. सरासरीलाच उंबरठा केलं तर सुदृढ माणसंही कुपोषित म्हणून मोजली जातील. उंबरठा सरासरीच्या दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली हवा. दांडेकरांनी आणि इतरांनी याला जोरदार विरोध केला. एकाच माणसाच्या रोजच्या फरकाचा आधार घेऊन जन्मभर कमी खाणाऱ्या माणसाला 'ठीक आहे' म्हणता येतं का, असा त्यांचा सवाल होता. उंबरठा खाली सरकवला की कागदावरचे कोट्यवधी उपाशी लोक एका रात्रीत कमी होतात. व्हेरियन्स कुणाचा, माणसामाणसांतला की एकाच माणसातला, एवढाच तांत्रिक प्रश्न. पण रेशन कुणाला द्यायचं, हे त्यावर ठरणार होतं.

संशोधनाची तयारी करताना

आता यातून तुमच्या कामाचं काय?

पहिलं : रिसर्च प्रपोजल लिहिताना 'अमुक मॉडेलमध्ये तमुक डिस्ट्रिब्युशन टाकून बघणार' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या गृहीतकाची माहिती प्रत्यक्षात मिळत नाही ते शोधा. १९३५ च्या सुखात्म्यांसारखं. गाइडला असा प्रश्न लगेच पटतो.

दुसरं : डेटा हातात आला की आधी विचारा, दोरी कुणी धरली होती? सॅम्पल साइझ वाढवून बायस जात नाही. आज लाखो ओळींची फाइल सहज डाउनलोड होते, त्यामुळे हा प्रश्न कमी महत्त्वाचा झाला नाही, उलट वाढला आहे.

तिसरं : दोन पेपर शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. इन्फरन्स शिकताना 'इथे ऑब्जेक्टिव्ह काय, कन्स्ट्रेंट काय' असं विचारा. सिम्प्लेक्स शिकताना 'हे कोएफिशंट कुठून आले, त्यांचा व्हेरियन्स किती' असं विचारा. पुस्तकात मालाची मागणी १२० अशी छापलेली असते. खरी मागणी रँडम व्हेरिएबल असते, आणि स्टोकॅस्टिक प्रोग्रॅमिंगसारखे विषय नेमके याच फटीतून उगवले.

चौथं : मूळ पेपर वाचा. राव यांचा १९४५ चा, नेमन यांचा १९३४ चा. भाषा जुनी वाटेल, चिन्हं वेगळी असतील, पहिल्या वाचनात निम्मं कळेल. चालेल. प्रमेय पुस्तकात येईपर्यंत त्याचं कारण गळून पडलेलं असतं. मूळ पेपरात ते अजून असतं.

आज एक करून बघा. तुमच्या वहीतलं कुठलंही एक प्रमेय घ्या आणि ते पहिल्यांदा कुणाला, कशासाठी लागलं होतं ते शोधा. शेत सापडेल, जहाज सापडेल, नाहीतर टेलिफोन एक्स्चेंज सापडेल. तिथे काय मोजायचं राहून गेलं, हेही विचारा. पीएच.डी.चा विषय बऱ्याचदा तिथेच पडलेला असतो.